दोघांच्या मापाचं पिस्तूल

आमच्या घरात कुठलीच वस्तू एकट्याची नसायची. सायकल आली ती लेडीज, मधला आडवा दांडा नसलेली, कारण ती मलाही चालवता आली असती आणि दादालाही. वर्गातली मुलं त्यावरून त्याला काकू म्हणायची, आणि तो मान खाली घालून पॅडल मारत क्लासला जायचा. रेनकोट आला तो त्याला आखूड आणि मला पायघोळ. दप्तर, स्वेटर, टेबललॅम्प, सगळं 'दोघांना चालेल असं'. हे शब्द आप्पांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे. ते डोंबिवलीतल्या एका शाळेत चित्रकला आणि भूमिती शिकवायचे, आणि घरात वाटणी करतानाही त्यांचा हात फळ्यावर रेघ ओढावी तसा सरळ चालायचा. आंब्याच्या फोडी, दुधावरची साय, खिडकीजवळची जागा, यांत कणभर कमीजास्त झालेलं त्यांना सहन होत नसे. दोन सायकली घेण्याची ऐपत नव्हती हे खरं, पण ती असती तरी त्यांनी दोन लेडीज सायकलीच आणल्या असत्या असं मला वाटतं.

यामागे कुसुमआत्या होती. आप्पांची थोरली बहीण. गावाकडे दोघांपैकी एकालाच पुढे शिकवणं जमणार होतं, तेव्हा तीच म्हणाली होती, "मला नको शिकायला, त्याला पाठवा." आणि मग ती आयुष्यभर तेच म्हणत राहिली. दुसरा लाडू मला नको, पंख्याखालची जागा मला नको, शेवटी शेवटी औषधही मला नको. ती आमच्याकडे राहायला आली की आप्पा स्वतः तिला वाढायचे आणि तिचं पान रिकामं होईपर्यंत समोरून हलायचे नाहीत. ती गेली त्या वर्षी एकदा जेवताना आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले, "या घरात मुलीनं 'मला नको' म्हणायचं नाही. म्हटलं तरी मी ऐकणार नाही." मी फार लहान होते. मला तो नियम खूपच आवडला. पानातली नको असलेली पडवळाची भाजीसुद्धा त्या नियमात येते हे कळेपर्यंत.

नेमबाजी घरात आली ती दादामुळे. दादाचं नाव शेखर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याच्या शाळेने सुट्टीतल्या शिबिरासाठी काही मुलांना ठाण्याला नेलं होतं. नौपाड्यात, एका जुन्या इमारतीच्या तळघरात, प्रधान सरांची रेंज होती. दहा मीटर लांबीचा अरुंद हॉल, एका टोकाला पांढऱ्या दिव्यांखाली कागदी टार्गेटं, दुसऱ्या टोकाला टेबलं. दादा पहिल्याच दिवशी घरी आला तो डोळे मोठे करून. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलींना घेतात का?" घेत होते. त्यामुळे पुढच्या आठवड्यापासून मीही.

मी तिथे जायला कुरकुर केली नाही, कारण त्या तळघरातली शांतता मला आवडली. बाहेर रिक्षांचे हॉर्न, भाजीवाले, दवाखान्यांच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं, आणि आत पायऱ्या उतरल्या की फक्त पिस्तुलाचा दांडा उघडून मिटल्याचा खटका आणि मग छर्रा कागद फोडतो त्याचा कोरडा फट्. मध्ये कोणी बोलायचं नाही. सर सांगायचे, "टार्गेट धूसर दिसू दे. पिस्तुलाच्या टोकावरची साइट तेवढी स्वच्छ दिसली पाहिजे. जे लांब आहे ते लांबच राहू द्यायचं." हे वाक्य मला एखाद्या पुस्तकातलं असल्यासारखं वाटायचं. माझी पाळी नसेल तेव्हा मी मागच्या बाकावर बसून वाचत असे. सर एकदा म्हणाले, "नंदा, तू शूटिंगला येतेस की लायब्ररीत?" मी प्रामाणिकपणे म्हणाले, "सर, दोन्ही." ते हसले. पुढे मी खरोखरच एका कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य काढलं, तेव्हा ती शांतता ओळखीची वाटली.

दादाचं तसं नव्हतं. दादा म्हणजे घरातला सर्वांत अस्वस्थ प्राणी. जेवताना त्याचा पाय हलायचा, अभ्यासाला बसला की पेन्सिल टेबलावर वाजायची, झोपेतही तो हात उडवायचा. पण पिस्तूल धरून हात वर केला की हे सगळं कुठेतरी निघून जायचं. खांद्यापासून बोटापर्यंत तो एकदम थांबायचा. मी त्याच्या मागे बसून ते बघायचे आणि मला वाटायचं, हा आपला दादा नाहीच, कोणीतरी मोठा माणूस आहे. सर आप्पांना म्हणाले, "याचा हात थांबतो. ते शिकवून येत नाही. पण याला आता स्वतःचं पिस्तूल पाहिजे. रेंजची पिस्तुलं दहा जणांच्या हातांतून जातात. दिवाळीनंतर जिल्ह्याची निवड आहे."

आप्पा घरी आले आणि चप्पल काढून सरळ स्वयंपाकघरात गेले. मग आईला म्हणाले, "पिस्तूल घ्यायचं ठरतंय." आई कुळथाचं पिठलं ढवळत होती. तिने ढवळणं थांबवलं नाही. "कोणावर?" एवढंच विचारलं.

त्या दिवसांत आमच्या घरातले आवाजच बदलले होते. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर आप्पांनी कंपासने एक काळा गोल काढून दिला होता, अगदी मापात, आणि दादा संध्याकाळी त्याच्यासमोर हात लांब करून उभा राहायचा. पिस्तूल नव्हतं म्हणून हातात इस्त्री धरायचा. ती धरून मिनिटं मोजायचा आणि दंड थरथरायला लागला की खाली ठेवायचा. आई आतून म्हणायची, "एवढा उभा आहेसच तर खाली एखादा शर्ट तरी धर." कुकरची शिट्टी झाली की दादा चिडायचा, श्वास चुकला म्हणून. आईला वाटायचं, शिट्टीला घाबरणारा मुलगा बंदूक काय चालवणार. सरांनी स्पर्धेच्या दिवशी चहा बंद सांगितला होता, छाती धडधडते म्हणून. आईच्या दृष्टीने हा मुलाचा छळ होता, आणि त्याची भरपाई ती मेतकूट-भातावर तूप वाढून करायची. तूप अर्थातच दोघांना सारखं.

पिस्तूल बघायला आम्ही तिघे सरांच्या घरी गेलो. रेंजच्या वरच, दुसऱ्या मजल्यावर. सरांनी जेवणाच्या टेबलावर टर्किशचा टॉवेल अंथरून तीन पिस्तुलं मांडली होती, ओळखीच्या नेमबाजांनी विकायला काढलेली. एक जुनं, स्प्रिंगचं, त्याला सरांनीच हात लावू दिला नाही. "हे फक्त बघायला. नवशिक्याला याचा धक्का नको." उरली दोन. एक गॅसच्या नळकांड्याचं, मोठ्या लाकडी मुठीचं; ते ज्याचं होतं तो मुलगा शिकायला परदेशी चालला होता. दुसरं बाजूच्या दांड्याने हवा भरायचं, मूठ मध्यम.

"नवीन माणूस आधी कंपनी विचारतो, मग वजन विचारतो," सर म्हणाले. "दोन्ही चूक. आधी मूठ. शेखर, ते मोठं धर. डोळे मीट. हात वर कर. आता उघड."

दादाने डोळे उघडले, आणि हसला. मी बाजूला उभी होते. पुढची साइट मागच्या खाचेत सरळ उभी होती, कोणी आधीच लावून ठेवल्यासारखी. त्याचा अंगठा, त्याचं लांब मधलं बोट, तळहाताची कड, सगळं त्या लाकडात जिथल्या तिथे बसलं होतं.

"झालं," सर म्हणाले. "हेच."

आप्पा म्हणाले, "नंदू, तू धर."

मी धरलं. माझं बोट ट्रिगरपर्यंत पोचायला मनगट वाकवावं लागत होतं. डोळे मिटून उघडले तर साइट कुठेतरी उजवीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"हिला नाही बसत," आप्पा म्हणाले.

"हिला नाहीच बसणार. हे शेखरसाठी आहे ना?"

"दोन मुलं आहेत मला, सर."

सरांना क्षणभर काही कळलं नाही. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "अहो, पिस्तूल म्हणजे सायकल नव्हे. ते एका हाताचं असतं. माझ्या पिस्तुलाने माझी बायकोसुद्धा मारू शकत नाही."

आतून सरांच्या पत्नी म्हणाल्या, "मारायचं ठरवलं तर जमेल मला." दादा मोठ्याने हसला. आप्पा हसले नाहीत. ते आम्हा दोघांना म्हणाले, "हात लावा हाताला." आम्ही लहानपणापासून हे करत आलो होतो, हातमोजे घेताना, बांगडीच्या मापाला, उगाच सुद्धा. मी माझा उजवा तळवा दादाच्या उजव्या तळव्याला लावला. त्याची बोटं माझ्या बोटांच्या वर एक पेर उरली. आप्पांनी खिशातली सहा इंची पट्टी काढून ते पेर मोजलं. शिक्षक माणूस, पट्टी नेहमी खिशात. मग त्यांनी मध्यम मुठीचं पिस्तूल उचललं.

मी म्हणाले, "आप्पा, मला नको. खरंच नको. दादालाच घ्या."

मी आजही शपथेवर सांगेन की ते खरं होतं. मला स्पर्धेत उतरायचं नव्हतं. मला त्या तळघरात बसून वाचायला मिळत होतं, अधूनमधून चार छर्रे मारायला मिळत होते, तेवढं मला भरपूर होतं. पण मी ते शब्द उच्चारले आणि आप्पांचा चेहरा बदलला. माझ्या तोंडून त्यांना दुसरंच कोणीतरी बोललेलं ऐकू आलं. मला ते दिसत होतं, आणि मी जितकं जास्त बोलेन तितकी मी आत्या होत जाईन हेही दिसत होतं.

"बघितलंत?" आप्पा सरांना म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "हे असंच सुरू होतं."

दादाने मध्यम मुठीचं पिस्तूल हातात घेतलं. मुठीच्या तळाशी एक लाकडी शेल्फ असतं, हाताच्या कडेला खालून आधार द्यायला. एक स्क्रू ढिला केला की ते वरखाली सरकतं. सरांनी ते अगदी खालपर्यंत सरकवलं. तरी दादाची करंगळी अवघडून बसली. त्याने डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. मी बघत होते. त्याचं मनगट किंचित हललं, साइट सरळ करायला. फार थोडं.

"चालेल," दादा म्हणाला.

"शेखर, नीट सांग," सर म्हणाले.

"चालेल, सर. तिच्या हाताला बसतंय ना? मग चालेल."

त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. मला रडू येत होतं, आणि कोणत्या बाजूने रडावं ते कळत नव्हतं. सगळे माझ्या भल्याचं बोलत होते.

अशा रीतीने पिस्तूल घरी आलं. परवाना लागत नाही असं सरांनी पुन्हा पुन्हा सांगूनही आप्पा ते पेटीसकट पोलीस चौकीत दाखवून आले. तिथल्या हवालदाराने विचारलं, "गुरुजी, याने कबुतरं जातील का? गॅलरीत लई घाण करतात." दसऱ्याला आईने ते पुस्तकांच्या आणि आप्पांच्या कंपासपेटीच्या शेजारी पाटावर ठेवलं, झेंडूचं फूल वाहिलं, आणि कोणाचं लक्ष नसताना मुठीला कुंकू लावलं. ते लाकडात मुरलं आणि मग कधी निघालं नाही.

आप्पांनी टोकदार पेन्सिलने मुठीवर दोन बारीक रेघा आखल्या. वरची माझी, खालची दादाची. ज्याची पाळी त्याने शेल्फ आपल्या रेघेवर आणायचं आणि काम झालं की दुसऱ्याच्या रेघेवर लावून ठेवायचं, असा नियम झाला. स्क्रूची ती वाकडी, सहा कोनांची छोटी किल्ली हरवू नये म्हणून दादाने घराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. रेंजवर तो, मग मी, घरी मी, मग तो. रोज ते शेल्फ वर जायचं, खाली यायचं. थंडी सुरू होईपर्यंत स्क्रू थोडा ढिला लागायला लागला. दादा म्हणायचा, "पिळून पिळून बिचारा थकलाय." तो स्वतःचं काही कधी सांगायचा नाही, पण रात्री जेवताना करंगळी चोळायचा. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, "तुझ्या वडिलांना सांगून बघ." मी आप्पांना सांगितलं. आप्पा म्हणाले, "हळूहळू सवय होते. तुला जास्त त्रास होत असेल तर सांग." आमच्या घरात त्या काळी सगळे एकमेकांची इतकी काळजी घेत होते की कोणाचं काही ऐकायला जागाच उरली नव्हती.

निवडचाचणी शीळफाट्याच्या पलीकडे, एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आदल्या संध्याकाळी शेवटचा सराव माझा झाला. घरी परतायला उशीर झाला, पेटी बंद केली, आणि शेल्फ माझ्या रेघेवर राहिलं. ते मला आठवतं, कारण दादा म्हणाला होता, "राहू दे, उद्या तिथे गेल्यावर करतो." सकाळी आईने पेज दिली. चहा नव्हताच. आप्पा, दादा आणि मी रिक्षाने निघालो, पेटी दादाच्या मांडीवर.

शीळफाट्याला ट्रक अडकले होते. तिथे ट्रक नेहमीच अडकलेले असतात. परवा मी तिथून गेले तेव्हा वर पुलाची कामं आणि खाली तेच ट्रक, तीच धूळ. आम्ही इतका वेळ तिथे बसलो की आप्पांनी रिक्षावाल्याला तीनदा विचारलं, "दुसरा रस्ता नाही का?" आणि तो तीनदा म्हणाला, "काका, हाच दुसरा रस्ता आहे." दादाचा पाय हलत होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो थांबला, आणि मग दुसरा पाय हलायला लागला.

आम्ही पोचलो तेव्हा मुलांची पहिली फेरी लागत होती आणि तीत दादाचं नाव पुकारून झालं होतं. तो पेटी घेऊन पळाला. सर दाराशीच होते, त्यांनी त्याच्या छातीवर नंबर लावला आणि त्याला आत ढकललं. मी आणि आप्पा मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. मी बरोबर त्याच्या मागे, जरा उजवीकडे होते. तयारीचा वेळ चालू होता. दादाने पेटी उघडली, पिस्तूल बाहेर काढलं, कानांवर आवाज अडवणारे मोठे गोल चढवले, एकदा खिशाला हात लावला. मला वाटलं किल्ली काढतोय. त्याने रुमाल काढला, तळवा पुसला, आणि हात वर केला.

शेल्फच्या खाली मुठीचं उघडं लाकूड दिसत होतं. दादाच्या रेघेवर शेल्फ असलं की ते झाकलं जायचं. म्हणजे ते माझ्या रेघेवरच होतं, आणि त्याचा एवढा मोठा हात माझ्या मापात कोंबलेला होता.

मी आप्पांच्या कानात सांगितलं. त्यांना नीट कळलं नाही, किंवा कळलं आणि काय करावं ते सुचलं नाही. मी उठून सरांकडे गेले. "सर, शेल्फ वरच आहे." सरांनी पाहिलं. त्यांच्या लगेच लक्षात आलं. पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. फेरी सुरू झाल्यावर मागून कोणी एक शब्द बोलायचा नाही, खूण करायची नाही. तसं केलं तर त्यालाच बाहेर काढतील. तो स्वतः थांबून स्क्रू फिरवू शकत होता, त्याला कोणाची आडकाठी नव्हती. मी जागेवर येऊन बसले आणि मनातल्या मनात ओरडत राहिले. किल्ली तुझ्या खिशात आहे. थांब. खाली ठेव. फिरव.

तो हात वर करायचा, धरून ठेवायचा, आणि न मारताच खाली आणायचा. पुन्हा वर. पुन्हा खाली. मग मारायचा. छर्रे भलतीकडे जात नव्हते, सगळे जवळजवळच पडत होते, पण मधोमध नाही. जरा वर, जरा बाजूला, एका गावचे लोक एकत्र राहावेत तसे. बाकीच्या मुलांचं संपलं तरी तो उभा होता. शेवटच्या काही छर्‍यांना पिस्तूल धरलेला त्याचा हात थरथरताना मी पहिल्यांदा पाहिला. एवढा वेळ मी त्याच्या पाठीमागे चार हातांच्या अंतरावर होते.

बाहेर आला तेव्हा घामाने भिजला होता. आप्पा म्हणाले, "छान उभा राहिलास." तो हसला. मुलींची फेरी लागत होती. त्याने पिस्तूल माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुझ्या रेघेवर लावलेलंच आहे. थेट सुरू कर."

मूठ त्याच्या हाताने गरम होती. मी डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. साइट सरळ उभी होती. मला काही करावंच लागलं नाही. मला आठवतं ते इतकंच की मला तिथून लवकर निघायचं होतं, आणि म्हणून मी कसलाही विचार न करता हात वर करत होते आणि बोट दाबत होते. टार्गेट धूसर दिसत होतं, पण ते सरांनी सांगितलं म्हणून नव्हे.

यादी लागली. मुलींमध्ये सर्वांत खाली माझं नाव होतं, पण होतं. मुलांमध्ये दादाचं नव्हतं. आप्पांनी यादीवर बोट ठेवून माझं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. त्यांचे डोळे भरून आले. "म्हणून मी म्हणत होतो," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते मला माहीत नाही. त्यांचा चेहरा इतका हलका मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. तो चेहरा बघितल्यावर मी काय बोलणार होते? सर बाजूला उभे होते. तेही आप्पांचा चेहरा बघत होते. परत येताना फाट्यावर उतरून दादाने सगळ्यांना वडापाव घेतले आणि माझ्या वडापावात स्वतःच्या वाटची मिरची घातली. "स्टार आहेस बाई तू आता. तिखट खात जा."

मग तो हळूहळू यायचा थांबला. डिप्लोमाचा अभ्यास आहे म्हणाला, आणि तो खरंच होता. भिंतीवरचा काळा गोल दिवाळीच्या रंगात झाकला गेला. स्क्रूचे आटे पार झिजले तेव्हा आप्पांनी शेल्फ माझ्या रेघेवर गोंदाने पक्कं चिकटवून टाकलं, इतक्या सफाईने की जोड दिसू नये. मी आणखी काही वर्षं खेळले. कुठे पोचले नाही. दर वेळी निघताना आप्पा दारापर्यंत येऊन उभे राहायचे, आणि त्यांच्याकडे बघून मला वाटायचं की मी आत्याची शाळा पुरी करतेय. आप्पा गेल्यावर मी पिस्तूल कायमचं पेटीत ठेवलं.

दादाशी यावर मी कधी बोलले नव्हते. घाईत राहून गेलं होतं की त्याने मुद्दाम तसं ठेवलं होतं? थकलेला स्क्रू आणखी एकदा फिरवला तर माझ्या वेळेला शेल्फ घट्ट बसणार नाही, असं त्याच्या मनात आलं असेल का? की ट्रकांनी केलं सगळं? किल्ली खिशात होती, आणि त्याने खिशाला हात लावला होता. एवढंच मला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात तो कल्याणच्या इस्पितळात होता, आणि वहिनी घरी आंघोळीला गेली की मी त्याच्याजवळ बसायचे. एका दुपारी तो जरा बरा वाटत होता. मी विचारलं.

"दादा, त्या दिवशी तू स्क्रू का नाही फिरवलास?"

"कुठला स्क्रू?"

"पिस्तुलाचा. निवडीच्या दिवशी."

त्याने डोळे मिटले. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "चांगलं होतं गं ते पिस्तूल. दोघांना पुरलं." आणि थोड्या वेळाने, "चहा देतात का बघ ना. इथे पण सरांसारखंच आहे यांचं."

त्याचा हात पांघरुणावर उताणा पडला होता, सुई लावलेला, सुजलेला. मी माझा तळवा त्याच्या तळव्याला लावला. त्याने डोळे न उघडता बोटं सरळ केली. एक पेर वर उरलं.

तो गेल्यानंतरच्या दिवसांत वहिनी कपाट आवरत होती आणि मी जमिनीवर बसून घड्या घालत होते. तिने किल्ल्यांचं जुडगं माझ्यासमोर धरलं. "नंदाताई, हे काय आहे हो? कुठल्याच कुलपाला लागत नाही. मी कितीदा काढून टाक म्हटलं, तर मला म्हणायचे, राहू दे." ती छोटी वाकडी किल्ली होती, वळणावर काळा रंग उडून चकाकणारी. शेल्फ गोंदाने चिकटवल्यापासून तिला जगात काही काम नव्हतं. डोंबिवलीचं घर सुटलं होतं, कल्याणला दोन घरं झाली होती, सगळी कुलपं बदलली होती.

"तुम्हाला हवीय का?" वहिनीने विचारलं.

"मला नको," मी म्हणाले.

वहिनी "बरं" म्हणाली, आणि तिने ती निकामी किल्ल्यांच्या डब्यात टाकली. आप्पा असते तर त्यांनी ऐकलं नसतं.